महिना चार रुपये : एकोणिसाव्या शतकातील व्यावसायिक खेळ आणि यादीबाहेर राहिलेला गोलंदाज

धागा.

इतिहासप्रेमी तरुणांच्या वर्तुळात दोन याद्या वरचेवर फिरत असतात. पहिली अमेरिकन बेसबॉलची. १८६९ : सिनसिनाटी, उघडपणे पगार घेणारा पहिला संघ. १८७१ : व्यावसायिक खेळाडूंची पहिली संघटना. १८७६ : नॅशनल लीग. दुसरी यादी भारतीय क्रिकेटची. १८४८ : मुंबईत पारशांचा ओरिएंटल क्लब. १८८६ : पारशी संघाचा इंग्लंड दौरा. १८९० : व्हर्ननच्या इंग्लिश संघावर पारशांचा विजय. १८९२ : युरोपियन विरुद्ध पारशी, भारतातला पहिला प्रथम श्रेणी सामना.

या याद्या शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अमेरिकेच्या यादीत पगार हाच टप्पा आहे. आपल्या यादीत क्लब आहेत, दौरे आहेत, विजय आहेत. पगार मात्र कोठेच नाही. आणि मग त्याच यादीखाली कोणीतरी ठामपणे लिहितो की भारतात खेळ हा व्यवसाय झाला तो २००८ साली, आयपीएल आल्यावर.

हे विधान चुकीचे आहे. वर्षांचा हिशेब चुकला असता तर दुरुस्त करून पुढे जाता आले असते. पण येथे एक माणूस वगळला गेला आहे, आणि तो विसरभोळेपणाने वगळला गेलेला नाही.

१८९२च्या सुमाराची गोष्ट. पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कामाला होता. त्याआधी तो पुण्यातच पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे अशी कामे महिना तीन रुपयांवर करीत असे. नव्या ठिकाणी पगार एका रुपयाने वाढला : महिना चार रुपये. कामे तीच, रोलर ओढणे, रेषा आखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे, गरज पडल्यास टेनिसचे कोर्ट आखणे. पुढे त्यात एका कामाची भर पडली. जिमखान्याच्या सभासदांना फलंदाजीचा सराव हवा असे, आणि हा मुलगा डाव्या हाताने चेंडू असा काही वळवी की समोरच्याची तारांबळ उडे. तेव्हा सराव देणे हेही त्याच चार रुपयांत आले.

या मुलाचे नाव बाळू पळवणकर. जन्म १८७६, धारवाडचा, जात चांभार. पुढे १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात या गोलंदाजाने ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे जाणकारांना पाठ असतात. चार रुपयांचा आकडाही अनेकांना माहीत असतो; पण तो सांगितला जातो हळहळ व्यक्त करण्यासाठी. 'बिचारा किती थोड्या पैशांत राबत होता!' या हळहळीत एक चलाखी लपलेली आहे. तिच्यामुळे तो पगार गरिबीच्या खात्यात जमा होतो आणि खेळाच्या इतिहासाच्या खात्यातून वजा होतो.

वास्तविक तो पगार गोलंदाजीचा होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकात, पुण्यात, खेळाचे कौशल्य विकून मासिक वेतन घेणारा एक भारतीय खेळाडू होता. त्याला 'व्यावसायिक' हा शब्द का लावला जात नाही, एवढाच या धाग्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना अमेरिकेला एक फेरी मारणे उपयोगाचे ठरेल, कारण तिकडच्या यादीतील पहिलाच टप्पा पाहिला तर त्याच्या मुळाशी एक मैदान सांभाळणारा माणूस सापडतो.

सॅम राइट हा इंग्लंडमधील शेफिल्डहून न्यूयॉर्कला गेलेला क्रिकेटपटू. तेथील सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात त्याची नेमणूक झाली ती मैदानाची देखभाल करणे आणि सभासदांना खेळ शिकवणे अशा दुहेरी कामावर. त्याचा मुलगा हॅरी याच क्लबात बापाच्या हाताखाली तयार झाला. १८६५ साली सिनसिनाटीच्या क्रिकेट क्लबाने हॅरीला वर्षाला १,२०० डॉलरवर पगारी क्रिकेटपटू म्हणून बोलावून घेतले. तिथे क्रिकेटचे दिवस फिरले आणि बेसबॉलचे आले, तेव्हा हॅरीने चेंडू बदलला, पगार घेण्याची रीत बदलली नाही. बेसबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने तोवर पगाराला बंदी घातली होती. अर्थात पैसे टेबलाखालून चालतच होते. जिम क्रेटन नावाच्या ब्रुकलिनच्या गोलंदाजाला १८६०च्या आसपास असेच पैसे मिळत, असे मानले जाते. १८६९च्या हंगामासाठी संघटनेने ही लपवाछपवी संपवून पगारी संघांना मान्यता दिली आणि हॅरी राइटने सिनसिनाटीत दहा जणांचा संघ पगारावर उभा केला. सर्वांत मोठा पगार त्याच्या धाकट्या भावाचा, जॉर्जचा : १,४०० डॉलर.

त्या वर्षी हा संघ एकदाही हरला नाही. पुढच्या वर्षी १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या ॲटलांटिक संघाने त्याला गाठले. नऊ डावांनंतर बरोबरी होती. तेवढ्यावर थांबण्याचा पर्याय पुढे आला होता, पण हॅरी राइटने तो नाकारला. सामना अकराव्या डावात गेला आणि सिनसिनाटी ८-७ असा हरला. बेसबॉलचा इतिहास सांगणारा कोणीही या सामन्यापाशी रेंगाळतो, आणि रेंगाळावे असाच तो सामना आहे. मात्र त्या दिवसाचे महत्त्व केवळ धावसंख्येत नाही. मैदानावर उतरलेले राइट बंधू हे एका पगारी मैदानरक्षकाचे मुलगे होते, आणि त्यांच्या देशाने त्यांच्या पगाराची नोंद अभिमानाने ठेवली. आज अमेरिकेत हॅरी राइटला व्यावसायिक बेसबॉलचा जनक म्हणतात. त्याच्या बापाला माळी म्हणून कोणी बाजूला काढले नाही.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा सभ्य भाषेत येतो. बाळू हे खेळाडू म्हणून नेमलेले नव्हते, मैदानावरचे नोकर होते, सराव देणे हे त्यांच्या नोकरीतले एक उपकाम होते. तेव्हा त्यांना व्यावसायिक म्हणणे ही ओढाताण आहे.

आक्षेप घेणाऱ्यांनी इंग्लंडमध्ये तेव्हा व्यावसायिक क्रिकेटपटू नेमके काय करीत असे, हे एकदा पाहावे. लॉर्ड्सच्या मैदानावर एमसीसीने गोलंदाजांचा एक पगारी ताफा ठेवलेला असे. या लोकांचे रोजचे काम काय? सभासद जाळीत फलंदाजीला उभे राहिले की त्यांना चेंडू टाकायचे. यांनाच प्रोफेशनल म्हणत. काउंटीच्या मैदानांवरही तेच. म्हणजे ज्या कामामुळे पुण्यात माणूस नोकर ठरतो, त्याच कामामुळे लंडनमध्ये तो व्यावसायिक ठरतो. व्याख्या इंग्रजांनी केलेली, जिमखाना इंग्रजांचा, चेंडू टाकण्याचे काम तेच. बदलला तो फक्त चेंडू टाकणाऱ्याचा रंग आणि जात.

भारतात हा शब्द वापरलाच जात नसे, असेही नाही. १८८६च्या दौऱ्याआधी पारशांनी आपल्या खेळाडूंना शिकवण्यासाठी सरे काउंटीच्या रॉबर्ट हेंडरसनला आणले होते. १८९०च्या दशकात पतियाळाचे महाराज राजिंदर सिंग यांनी ब्रॉकवेल आणि जे. टी. हर्न या इंग्लिश खेळाडूंना पदरी ठेवले. इतिहासाच्या पुस्तकांत या तिघांचा उल्लेख न चुकता 'व्यावसायिक' असा होतो. त्यांनी येथे येऊन काय केले? पैसे घेतले, चेंडू टाकले, खेळ शिकवला. तेच दशक, तेच काम. त्यांना जो शब्द लागू पडतो तो पुण्याच्या गोलंदाजाला लागू पडत नाही, असे म्हणायचे तर त्याचे कारण क्रिकेटच्या बाहेर शोधावे लागेल.

दुसरा आक्षेप चार रुपये या रकमेवर. एवढ्या तुटपुंज्या पैशाला व्यावसायिक उत्पन्न कसे म्हणावे? पण व्यवसाय रकमेच्या आकारावरून ठरत नसतो. तसे असते तर डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस यांना व्यावसायिकांचा मुकुटमणी म्हणावे लागले असते. १८७३-७४च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांनी १,५०० पौंड घेतले आणि तरीही ते जन्मभर 'हौशी' राहिले. इंग्लंडमध्ये १८०६ पासून १९६२ पर्यंत 'जेंटलमेन विरुद्ध प्लेअर्स' असा सामना खेळला जाई. एका बाजूला हौशी, दुसऱ्या बाजूला पगारी. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारे वेगळी, धावफलकावर नावे छापण्याची रीतसुद्धा वेगळी : हौशी असेल तर आद्याक्षरे आडनावाच्या आधी, पगारी असेल तर नंतर. ग्रेस हे जेंटलमेन संघातून खेळत. मराठीत म्हणतात, हौसेला मोल नसते. विलायतेत हौसेचे मोल १,५०० पौंड होते. मुद्दा हा की 'हौशी' आणि 'व्यावसायिक' ही पैशांवरून केलेली विभागणी कधीच नव्हती. ती सामाजिक उतरंड होती आणि पैसा हे तिला दिलेले नाव होते.

आता त्या प्रसिद्ध आठ आण्यांच्या गोष्टीकडे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा पुण्यातला नावाजलेला इंग्रज फलंदाज. सांगतात की तो इतरांच्या आधी मैदानावर येई, बाळूंना चेंडू टाकायला लावी आणि प्रत्येक वेळी बाद झाल्यावर त्यांना आठ आणे देई. ही कथा मराठीत आणि इंग्रजीत शेकडो वेळा सांगितली गेली आहे आणि ती नेहमी एकाच सुरात सांगितली जाते : उदार साहेब, गुणी मुलगा. कथा अक्षरशः खरी आहे असे धरून हिशेब करून पाहावा. आठ वेळा त्रिफळा उडवला की चार रुपये, म्हणजे अख्ख्या महिन्याचा पगार. हे बक्षीस नव्हे, ही उक्ती मजुरी आहे. नगावर ठरलेला दर, मोजून केलेले काम, रोख चुकारा. उसाच्या फडात टनावर हिशेब करणाऱ्या वाशी-भूमच्या माणसाला यातला व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. ग्रेगला याचा काय लाभ झाला? देशातल्या सर्वोत्तम डावखुऱ्या गोलंदाजाविरुद्ध रोजचा सराव. तो पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळला आणि तिथेही त्याने शतके काढली. त्या शतकांचा कच्चा माल कोठून गेला होता, हे धावफलक सांगत नाही.

आणि एक गोष्ट ही कथा सांगणारे बहुधा गाळतात. एवढ्या वर्षांत या जिमखान्यात बाळूंच्या हाती बॅट दिली गेली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, फलंदाजी ही साहेबाची मौज. रोलर ओढणारा माणूस चेंडूही टाकू शकत होता, कारण दोन्ही गोष्टी अंगमेहनतीच्या खात्यात पडत होत्या.

सामना मात्र या खात्यात नव्हता. इथे पुणे आणि अमेरिका यांच्या वाटा एका विचित्र ठिकाणी एकमेकींना भेटतात, आणि तुलना जरा जपून करायला हवी, कारण वर्ण आणि जात ही दोन वेगळी यंत्रे आहेत. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू १ मे १८८४ रोजी टोलेडो संघाकडून अमेरिकन असोसिएशन या मोठ्या लीगमध्ये उतरला. तो यष्टिरक्षकासारखा मागे उभा राहून चेंडू झेलत असे आणि कोणता चेंडू टाकावा याची खूण गोलंदाजाला देत असे. त्याच्याच संघातील गोलंदाज टोनी मुलेन याने पुढे स्वतः कबूल केले की वॉकरच्या खुणा आपण मुद्दाम मानत नसू. म्हणजे मागचा माणूस कोणता चेंडू येणार हे न कळता तो झेलत होता. तीन वर्षांनी, १४ जुलै १८८७ रोजी, इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी ६ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत. मोठ्या लीगचे दार त्यानंतर बंद राहिले ते थेट १५ एप्रिल १९४७ पर्यंत. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला.

वॉकरकडे करार होता आणि तो काढून घेतला गेला. बाळूंकडे पगार होता, पण सामना नव्हता. अमेरिकेत रेषा आखण्यासाठी बैठक बोलवावी लागली, मतदान घ्यावे लागले, तारीख पडली. पुण्यात यांपैकी कशाचीच गरज पडली नाही. तेथील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज कोण हे सगळ्या गावाला ठाऊक होते, तरी त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. घेतल्यावरही चहाच्या वेळी इतरांना चिनीमातीच्या कपांत चहा पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. जेवायला बसण्याची जागाही वेगळी. चेंडू मात्र एकच असे, आणि सगळ्यांच्या हाताला लागत असे.

पुढचा भाग परिचित आहे. प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेले, हिंदू जिमखान्याकडून खेळले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पुन्हा यादीकडे. एखादी गोष्ट टप्पा ठरण्यासाठी ती कोणीतरी लिहून ठेवावी लागते. बेसबॉलला असा लेखनिक मिळाला : हेन्री चॅडविक, इंग्लंडमध्ये जन्मलेला, क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळलेला. क्रिकेटच्या धावफलकाची सवय त्याने बेसबॉलला लावली. कोणी किती धावा केल्या, किती झेल सोडले, सारे तक्त्यात. म्हणूनच १२ जून १८८० रोजी वूस्टरच्या ली रिचमंडने क्लीव्हलँडच्या एकाही खेळाडूला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही, आणि अवघ्या पाच दिवसांनी प्रॉव्हिडन्सच्या जॉन माँटगोमेरी वॉर्डने बफेलोविरुद्ध तसेच केले, हे आज तारखेनिशी सांगता येते.

हाच वॉर्ड पुढे कायदा शिकला आणि त्याने खेळाडूंची संघटना उभारली. मालकांनी १८७९ पासून एक कलम आणले होते : ज्या खेळाडूला क्लबाने 'राखून' ठेवले, त्याने दुसरीकडे खेळायचे नाही. ऊसतोडीची उचल घेतलेला माणूस फेडल्याशिवाय मुकादम बदलू शकत नाही, त्यातलाच हा प्रकार; फरक इतकाच की येथे उचलही दिलेली नसे. वॉर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९० साली खेळाडूंची स्वतःची लीग काढली. ती एकच हंगाम टिकली, पण तीही यादीत आहे. पगार, करार, भांडण, संप : अमेरिकेने खेळाच्या इतिहासात कामगाराचा इतिहास राहू दिला.

पुण्याच्या जाळीत पडलेल्या बळींचा तक्ता कोणी ठेवला नाही. सराव म्हणजे सामना नव्हे, आणि सामन्याची पाने सभासदांसाठी राखलेली. त्यामुळे या गोलंदाजाची प्रथम श्रेणी कारकीर्द अधिकृत नोंदीत १९०५ पासून सुरू होते. त्याआधीची बारा-तेरा वर्षे, म्हणजे फिरकी गोलंदाजाच्या बोटांत जेव्हा सर्वाधिक ताकद असते तो काळ, आकडेवारीत जवळजवळ कोरा आहे. तिशीच्या उंबरठ्यावर मोजायला सुरुवात करूनही सरासरी १५.२१ भरते.

मराठी वाचकाला या विषयात आणखी एक गोष्ट खटकायला हवी. आपल्याकडे पैसे घेऊन कला दाखवणे हा कमीपणा मानला गेला म्हणून खेळाच्या पगाराची नोंद राहिली नाही, असे स्पष्टीकरण काही जण देतात. ते टिकत नाही. विष्णुदास भावे यांनी १८५३ साली मुंबईत तिकीट लावून नाटक केले, हे मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात गौरवाने येते. १८८० साली पुण्यातच किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. तिचे नट पगारी होते आणि त्यांच्या पगाराच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. तेच पुणे, मध्ये जेमतेम एका तपाचे अंतर. गाणाऱ्या गळ्याचा पगार टप्पा ठरतो, गोलंदाजाच्या बोटांचा ठरत नाही. या फरकाला 'पैशाविषयीचा संकोच' म्हणणे म्हणजे सरळसरळ दिशाभूल आहे.

हौशी आणि पगारी हा विलायती भेद खेड्यापाड्यांत तर कधी रुजलाच नाही. १८५३ ते १८६० ही सात वर्षे सोडली तर नळदुर्ग जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, निजामाच्या राज्यात होता. तिकडे लॉर्ड हॅरिसच्या क्रिकेटची हवा पोहोचण्याचे कारण नव्हते. आजही या जिल्ह्यातल्या यात्रेत कुस्तीचा फड पाहावा. हलगी कडाडते, लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, मग रोख रकमेच्या जोडी सुरू होतात, शेवटची मानाची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची. आकडा भर फडात पुकारला जातो. जिंकलेला मल्ल पैसे घेतो, फेटा बांधून घेतो, आणि त्याच्या खुराकाला किती लागते हे सगळ्या गावाला ठाऊक असते. पैसे घेतले म्हणून त्याची कुस्ती खालच्या दर्जाची ठरत नाही. फडातही जातीच्या रेषा होत्या आणि त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण कौशल्याचा दाम उघड्यावर मोजणे ही तेथील रीत होती. जिमखान्याच्या कुंपणाआड जाताना मराठी माणसाने ही रीत बाहेर ठेवली आणि साहेबाची लाज आत नेली.

उरतो तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर आहे. बाळूंना 'व्यावसायिक' म्हटले की त्यांच्यावर झालेला अन्याय झाकला जाईल, नोकरासारखी वागणूक ही करारासारखी भासेल. भीती अनाठायी नाही. परंतु आज जे चालू आहे त्याने काय साधते? 'मैदानावर काम करणारा गरीब मुलगा, साहेबाच्या नजरेस पडला आणि मोठा झाला' ही कथा अन्यायाचे रूपांतर योगायोगात करते. तिच्यात गुण शोधणारा इंग्रज नायक होतो. 'पगारी गोलंदाज' असे म्हटले की लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात : पगार कोणी ठरवला, कामाचे तास किती, सामन्यात का नाही, बॅट का नाही, चहा बाहेर का. हळहळीला हे प्रश्न पडत नाहीत.

मुंबईत आल्यावर बाळू बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या रेल्वे कंपनीच्या नोकरीत होते आणि तिच्या संघातून खेळत. खेळतो म्हणून रेल्वेत नोकरी, नोकरी आहे म्हणून खेळता येते : भारतातील बहुसंख्य खेळाडूंचे घर आजही याच व्यवस्थेवर चालते, आणि आजच्या खेळाडू कोट्याचा पूर्वज शोधायचा तर या नोकरीपर्यंत जावे लागते. धाराशिवमध्ये खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींना विचारावे. रेल्वेची भरती कधी निघणार हे त्यांना पुढच्या स्पर्धेच्या तारखेइतकेच पाठ असते.

२०२२च्या ऑगस्टमध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, तेव्हा 'खो-खो अखेर व्यावसायिक झाला' अशी वाक्ये ठिकठिकाणी वाचायला मिळाली. ती वाक्येही आता याद्यांत जातील. तोवर धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला सुवर्णपदक जिंकले होते. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी करीत होत्या, आणि जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसाला एका वेळच्या जेवणावर खेळलो, हे त्यांनी त्या वेळी वार्ताहरांना सांगितले होते. खो-खो 'व्यावसायिक' झाला त्या पहिल्या हंगामात सहा संघ होते. सहाही पुरुषांचे.